काविळीच्या रुग्णाची हिस्ट्री: गुण प्रश्नाला द्यायचे की मिळालेल्या उत्तराला?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी मेडिसिन शिकवते. यंदा फायनलच्या मुलांच्या अंतर्गत परीक्षेसाठी ऑस्कीचं (ठराविक वेळेच्या छोट्या टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा) एक स्टेशन, म्हणजे एक टप्पा, बनवायचं काम माझ्याकडे आलंय. विषय आहे कावीळ झालेल्या रुग्णाची हिस्ट्री, म्हणजे प्रश्न विचारून आजाराची माहिती काढणं. आठ मिनिटं, वीस गुण. इथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, इंटर्न आहेत, आणि दवाखान्याच्या चकरा मारून थकलेले नातेवाईकही आहेत. मला सगळ्यांचं ऐकायचंय.

सध्या जी यादी सगळीकडे फिरते तीत वीस प्रश्न आणि प्रत्येकाला एक गुण असतो. ताप विचारला? एक. उलटी? एक. खाज, लघवीचा रंग, संडासचा रंग, दारू, रक्त चढवणं, गोंदण, लस... मुलं ही यादी पाठ करतात आणि एका दमात म्हणून टाकतात. समोरचा माणूस प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणतो. सतरा-अठरा गुण पडतात. त्या मुलाला रुग्णाबद्दल नेमकं काय कळलं, ते कागदावर कुठेच येत नाही.

म्हणून मी एक केस लिहिलीय. यावल तालुक्यातला शेतकरी, वय बेचाळीस. आठवड्यापासून डोळे पिवळे, जेवण जात नाही, मळमळ. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की तो म्हणेल, "नही भाऊ, काहीच नही." खोटं बोलत नाहीये तो. त्याला दीड महिन्यापूर्वी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात, पण त्याच्या लेखी त्या 'खोकलान्या गोया' आहेत, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, आणि औषध म्हणजे त्याच्या मते मेडिकलमधून विकत आणलेलं.

आता लघवीचा रंग विचारला की तो सांगेल, "लाल-पिवळी होते." यादीवाला मुलगा इथे टिक मारून पुढे जातो. लक्ष देणारा विचारेल, कधीपासून? उत्तर येईल, दीड महिन्यापासून. डोळे आठ दिवसांपासून पिवळे आणि लघवी दीड महिन्यापासून रंगीत, हे जुळत नाही. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते, ती काविळीची नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचायला हवा: "दीड महिन्यापूर्वी काय सुरू झालं होतं?" तिथे गोळ्या बाहेर येतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्ही औषधांचा यकृताला त्रास होऊ शकतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच दिसतो. हा माणूस उद्या सकाळी पुन्हा त्याच गोळ्या घेणार आहे. ज्याने हे शोधलं त्याने एक जीव वाचवायची संधी मिळवली. दोघांना सारखे गुण कसे द्यायचे?

माझी गुणांची मांडणी अशी आहे. पहिलं मिनिट रुग्णाला बोलू देऊन घटनाक्रम नीट लावण्याला चार. केसमध्ये दडवलेल्या तीन गोष्टी हाती येण्याला सहा. उत्तर ऐकून त्यातून पुढचा प्रश्न काढण्याला चार. धोक्याच्या खुणा विचारण्याला तीन. शेवटच्या मिनिटात तोंडी सांगायचं की कारण काय वाटतं, दुसरं काय असू शकतं आणि कोणत्या उत्तरावरून तसं वाटलं, त्याला तीन.

कुठे चुकतंय, काय सुटतंय, सांगा.

जुना_परीक्षक

मॅडम, कळकळ पोचली. पण मी विरोधी बाजू मांडतो, कारण परीक्षक म्हणून बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय.

यादी विद्यार्थ्याचं संरक्षण करते. लाँग केसच्या (एका खऱ्या रुग्णावर घेतलेल्या परीक्षेच्या) जमान्यात काय चालायचं ते नव्या लोकांना ठाऊक नाही. एकाला सिऱ्हॉसिसचा (यकृत कडक होण्याचा) सरळ रुग्ण मिळायचा, दुसऱ्याला न बोलणारा रुग्ण. एक परीक्षक चहा पिऊन खुशीत, दुसरा सकाळपासून वैतागलेला. या नशिबाच्या खेळाला उतारा म्हणूनच हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ऑस्की मांडली. सगळ्यांना तोच रुग्ण, तोच वेळ, तेच निकष.

तुमच्या मांडणीत 'पुढचा प्रश्न काढला' याला चार गुण आहेत. काढला की नाही हे कोण ठरवणार? मी चार देईन, शेजारचा एक देईल. दीडशे मुलांची बॅच, दोन दिवस परीक्षा, आठ-दहा परीक्षक. निकालावर आक्षेप आला तर हातात काय दाखवाल? शिवाय खेड्यातून आलेला, बुजरा पण मेहनती मुलगा यादीत पास होतो. 'छाप' पाडण्यात तो मागे पडतो. याचा विचार करा.

गिरणाकाठ

सर, बुजऱ्या मुलाचा मुद्दा मनापासून पटला. छाप पाडण्याला एकही गुण नको. म्हणूनच मी 'आत्मविश्वास', 'संवादकौशल्य' असे गोल रकाने ठेवलेले नाहीत.

पण परीक्षक कसं ठरवणार याला उत्तर आहे. केस लिहिताना मी फांद्याही लिहून देणार. लघवी रंगीत असल्याचं कळल्यावर 'कधीपासून' विचारलं का, हो किंवा नाही. कालावधी जुळत नाही हे कळल्यावर आधीच्या आजाराकडे वळला का, हो किंवा नाही. यात मताला जागा फार कमी उरते. रुग्णाची भूमिका करणाऱ्यालाही सांगून ठेवायचं की अमुक शब्दांत विचारल्याशिवाय गोळ्यांचं बोलायचं नाही आणि तसं विचारलं तर लपवायचंही नाही.

त्याच १९७५ मध्ये, हार्डन यांचा लेख आला त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता. बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचं निदान पत्र वाचून आणि हिस्ट्री घेऊन झालं, तेच शेवटपर्यंत टिकलं. तपासणी आणि लॅबने उरलेल्यांत भर घातली. निदानाचा एवढा भाग जर बोलण्यातून येत असेल, तर परीक्षेत निदानापर्यंत पोचण्याला किंमत हवीच ना?

दुसरं. १९९९ मध्ये हॉजेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यादीच्या गुणांत अनुभवी डॉक्टर विद्यार्थ्यांपेक्षा पुढे जात नाहीत, उलट मागे पडतात. कारण अनुभवी माणूस वीस प्रश्न विचारतच नाही. सातव्या प्रश्नाला त्याला दिशा सापडलेली असते. म्हणजे आपण ज्या मुलाला पुढे जाऊन चांगला डॉक्टर करायचंय, त्याचेच गुण कापतोय.

जुना_परीक्षक

हॉजेसचं मान्य. पण ते अनुभवी डॉक्टरांचं झालं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने सातव्या प्रश्नाला थांबायला शिकणं धोक्याचं आहे. त्याला आधी सगळे वीस विचारायची सवय लागू दे. त्या वर्षाला यादीच ठेवा, फायनलला तुमची पद्धत आणा. आणि पास-नापासची रेघ आधीच पन्नास टक्क्यांवर ओढू नका. प्रत्येक परीक्षकाला गुणांशिवाय एक वेगळं मत नोंदवायला सांगा: पास, काठावर, नापास. काठावरच्या मुलांचे गुण पाहून रेघ ठरवा. म्हणजे केस अवघड निघाली तरी अन्याय होत नाही.

गिरणाकाठ

हे दोन्ही घेते, सर.

केळीबागेतला_डॉक्टर

रावेर भागात जनरल प्रॅक्टिस करतो. परीक्षेतलं कळत नाही, पण कावीळ रोज बघतो. मी तुमच्या केसमध्ये एक गोष्ट घालेन: रुग्ण तुमच्याकडे येण्याआधी कुठे जाऊन आला.

आमच्याकडे कावीळ झाली की माणूस सरळ डॉक्टरकडे येत नाही. आधी ती 'उतरवायला' नेतात. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं दाखवतं, कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात कडू रस टाकतं आणि दिवसभर नाकातून पिवळं पाणी वाहतं. कुठे मनगटावर किंवा पोटावर डाग देतात. कुठे पाला वाटून पोटात द्यायचा. त्यावर पथ्य असं की तेल नाही, हळद नाही, भाकरी नाही, फक्त उसाचा रस आणि ताक. दहा दिवसांत माणूस निम्मा होतो.

हेपटायटिस ए बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, म्हणून उतरवणाऱ्याला यश मिळतं आणि गावाचा विश्वास बसतो. पण ज्याला आपोआप बरं होणारं काही नसतं त्याचे आठवडे फुकट जातात.

इंटर्न पोरं काय करतात? "बाबाकडे गेला होता का?" असं तोंड वाकडं करून विचारतात. रुग्ण लगेच "नाही" म्हणतो. मी विचारतो, "कावीळ कुठून उतरवून आणली? फरक पडला का? पोटात काय दिलं होतं?" सगळं सांगतात. पाल्याचं नाव माहीत नसलं तरी घरून आणून दाखवतात. पोटात काय गेलं हे कळणं फार गरजेचं आहे. अगदी घरोघरी करोनाच्या काळात घेतला गेलेला गुळवेलीचा काढासुद्धा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर यकृत बिघडलेले रुग्ण प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. विचारायला तर हवंच.

ज्या विद्यार्थ्याने हे न हिणवता विचारलं त्याला माझ्याकडून दोन गुण लावा.

अक्राणी_इंटर्न

मी मूळ लातूरची. सध्या पोस्टिंग नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मॅडम, तुमची केस मराठी किंवा अहिराणी बोलणाऱ्या रुग्णाची आहे. इथे पावरी आणि भिली. आशाताई मध्ये बसून सांगतात. मी एक लांब वाक्य विचारते, त्या दोन शब्दांत विचारतात, बाई पाच मिनिटं बोलते आणि ताई मला सांगतात, "नाही म्हणते."

हळूहळू समजलं की प्रश्न तोडून विचारायचा, एकावेळी एकच. बघायचं बाईकडे, ताईंकडे नाही. आणि बाई जे बोलली ते सगळं सांगा, थोडक्यात नको, अशी ताईंना आधीच विनंती करायची. हे कॉलेजात कुणी तपासलं नाही. नंदुरबारमधल्या मुलांसाठी तरी दुभाष्यासह एक स्टेशन ठेवा.

दुसरा मुद्दा सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा. इथे डोळे पिवळे म्हणजे दर वेळी हेपटायटिस नसतो. एकोणीस वर्षांची मुलगी येते, डोळे पिवळे, पण विचारलं तर कळतं की लहानपणापासून अधूनमधून होतात. हातपाय ठणकतात, विशेषतः थंडीत. लघवी फार गडद नाही, संडास नेहमीसारखी, खाज नाही. भावालाही तसंच. रक्तपेशी फुटल्याने होणाऱ्या काविळीत बिलिरुबिन (काविळीचं पिवळं रंगद्रव्य) लघवीत उतरत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत शिकलो होतो, पण रुग्णासमोर आठवत नाही. अशा मुलीच्या पित्ताशयात खडेही होतात, मग कावीळ अचानक वाढते आणि पोटात दुखतं. जुन्या यादीत 'याआधी असं कधी झालं होतं का' आणि 'घरात अजून कुणाला' हे प्रश्न शेवटी, वेळ उरला तर. इथे ते पहिल्या तिनात हवेत. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्यात. "रक्त तपासून कार्ड दिलंय का?" एवढा एक प्रश्नही पुरतो कधी कधी.

केळीबागेतला_डॉक्टर

बेटा, हिवतापाच्या गोळ्याही विचारत जा. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. जीसिक्सपीडी हे एन्झाइम कमी असलेल्याला त्यानेच रक्त फुटून कावीळ होते, लघवी काळपट होते. 'ताप आला होता का' या प्रश्नावर थांबलं तर ते सुटतं. 'तापाला काय घेतलं' पर्यंत जायला हवं.

अक्राणी_इंटर्न

हो सर, लिहून ठेवते.

भुसावळकर

मी डॉक्टर नाही. रेल्वेत नोकरी झाली. वडील गेल्या वर्षी काविळीने एका मोठ्या दवाखान्यात होते, नाव घेत नाही. रोज सकाळी मुलं-मुली यायची. प्रत्येक जण तेच विचारायचा. वडिलांना खाजेने रात्रभर झोप नसायची, सकाळी डोळा लागला की कुणीतरी येऊन "बाबा, हिस्ट्री घ्यायचीय." पंख्याखाली चार-पाच जण उभे, एक विचारतोय, बाकीचे मोबाइलमध्ये.

एक मुलगी मात्र स्टूल ओढून बसली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" वडील म्हणाले, खाजेचा. तिने विचारलं कधीपासून, रात्री किती, अंगावर ओरखडे दाखवा. मग तिने विचारलं की कपडे सैल झालेत का. वडिलांचा पायजमा दोन वेळा घट्ट करून शिवला होता, ते आमच्याही ध्यानात नव्हतं. तिने ते लिहून घेतलं आणि मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. पुढे स्वादुपिंडाजवळची गाठ निघाली.

वडील आता नाहीत. त्या मुलीला किती गुण मिळाले मला माहीत नाही. तुमच्या कागदावर तिच्यासारखीला जागा असावी, एवढंच सांगायला लिहिलं.

गिरणाकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. 'तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो' हा प्रश्न पहिल्या चार गुणांच्या रकान्यात घातलाय. आणि खऱ्या रुग्णावर परीक्षा नको हे तुमचं वाचून अधिकच पक्कं झालं. यकृताच्या आजारात माणूस आधीच गळलेला असतो.

सर्जरीचा_पीजी

वरच्या काकांच्या गोष्टीत सर्जरीचा अख्खा धडा आहे. दुखत नाही, रोज वाढत जाते, खाज, संडास पांढुरकी, वजन उतरलेलं, वय साठच्या पुढे. अशा वेळी 'मधुमेह नव्याने निघाला का' हेही विचारायचं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात साखर आधी बिघडलेली असू शकते. त्याउलट खड्याची कावीळ कमी-जास्त होते, मधून मधून कळ येते. कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ हे तीन एकत्र आले की शार्कोचं त्रिकूट (पित्तनलिकेतल्या संसर्गाची खूण), १८७७ पासून पुस्तकात आहे. तो रुग्ण घरी पाठवायचा नाही.

संडासच्या रंगाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. 'पांढरी होते का' विचारलं तर लोक गोंधळतात, कारण चुन्यासारखी कुणाचीच होत नाही. ओल्या मातीच्या रंगाची, तेलकट, पाणी टाकूनही न जाणारी, असं विचारलं तर सांगतात. आणि पहाटे अंधारात बाहेर जाणाऱ्या माणसाला रंग दिसतच नाही. त्याचं 'नाही' हे उत्तर 'माहीत नाही' असं नोंदवायला हवं. मी परीक्षक असतो तर या एका फरकाला गुण दिला असता.

पीएसएमवाला

सगळे एका माणसाच्या पोटात बघताय, त्याच्या गावाकडेही बघा. आमच्या पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयातून सांगतो.

हेपटायटिस ए चा उबवण काळ (लागण ते लक्षणं) साधारण १५ ते ५० दिवस, ई चा दोन ते नऊ आठवडे, बी चा एक ते सहा महिने. विद्यार्थी विचारतो, "बाहेरचं काही खाल्लं का?" रुग्ण कालचं-परवाचं आठवतो. काही उपयोग नाही. कावीळ दिसायच्या महिना-दीड महिना आधीचं विचारा. खान्देशात लोकांना तारखा आठवत नाहीत, पण सण, लग्नं आणि यात्रा पक्क्या लक्षात असतात. सारंगखेड्याच्या यात्रेला गेला होता का? कुणाच्या लग्नाला जेवला होता का? ऊसतोडीला बारडोलीकडे होता की सुरतेला बांधकामावर? तिथलं पाणी कुठलं? नंदुरबारचे रुग्ण असतील तर स्थलांतराचा प्रश्न वगळणं म्हणजे अर्धी हिस्ट्री.

आणि 'गल्लीत, पाड्यावर अजून कुणाला कावीळ आहे का' हा प्रश्न सक्तीचा हवा. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी शहरात गेलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा ती ए ची समजली गेली. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळलं की ए नव्हती, ती आज ज्याला ई म्हणतो ती. एका पाड्यावरून दोन रुग्ण आले की आरोग्य खात्याला कळवणं हेही हिस्ट्रीचंच पुढचं पाऊल.

गरोदर बाई असेल तर सगळं बाजूला. शेवटच्या तिमाहीत हेपटायटिस ई झालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण पाचातल्या एकीपर्यंत नोंदवलं गेलंय. तिथे 'दिवसा झोपते आणि रात्री जागी असते का', 'बोलताना अडखळते का', 'घरच्यांना ओळखते का' हे नातेवाइकाला विचारायचं, कारण तिला स्वतःला ते सांगता येणार नाही. तुमच्या धोक्याच्या तीन गुणांपैकी एक यासाठी राखा, मॅडम.

सुयांचं तेच. '२००९, मोडासा' एवढं लक्षात ठेवा. गुजरातेतलं गाव, आपल्यापासून फार लांब नाही. सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपटायटिस बी पसरला, बरेच जण दगावले. 'रक्त चढवलं का' याच्याइतकंच 'तापात कुणी गावात इंजेक्शन दिलं होतं का, सुई नवीन फोडली होती का' हे विचारणं गरजेचं. आणि 'लशी घेतल्या का' याला 'सगळ्या घेतल्या' असं उत्तर आलं तर वय बघा. बी ची लस देशभर सरकारी कार्यक्रमात २०११ मध्ये आली. तिशीतल्या माणसाच्या 'सगळ्या'त ती बहुधा नसते.

जुना_परीक्षक

पीएसएमवाल्यांचं वाचून एक सांगतो. असंच प्रत्येक विभाग 'हे सक्तीचं' म्हणत गेला की पुन्हा वीस प्रश्नांची यादी तयार होईल, फक्त नवी.

गिरणाकाठ

सर, हेच मला सकाळपासून सतावतंय. म्हणून ठरवतेय की एकाच केसमध्ये सगळं कोंबायचं नाही. चार केस करायच्या. टीबीच्या गोळ्यांचा शेतकरी. सिकलसेलची मुलगी, दुभाष्यासह. साठीतला खाज आणि वजन उतरलेला रुग्ण. गरोदर बाई, तिच्या गावात अजून दोघांना कावीळ. मुलांच्या चार तुकड्या, चार दिवस, प्रत्येक दिवशी वेगळी केस. मुलांना केस आधीपासून ठाऊक नसेल. म्हणजे सिकलसेलच्या मुलीला यात्रेचा प्रश्न विचारला नाही म्हणून कुणाचे गुण जाणार नाहीत, पण गरोदर बाईला विचारला नाही तर जातील. काठिण्य सारखं नसणार, तर तुमची काठावरच्या मुलांची पद्धत प्रत्येक केसला वेगळी लावू.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमातही यकृताच्या आजारात नेमकं हेच अपेक्षित आहे की हिस्ट्री कारणापर्यंत पोचवणारी हवी आणि तीत धोक्याचे घटक, औषधं, लैंगिक इतिहास, लसीकरण, कुटुंब यावं. कारणापर्यंत पोचवणारी, हे आपण परीक्षेत मोजायचं विसरतो.

सिस्टर_वॉर्ड_पाच

मॅडम, एवढं सगळं झालं, पण दारूचं कुणीच नीट लिहिलं नाही. वॉर्डात निम्मी कावीळ त्याचीच बघते मी.

मुलं सासू-सून-नवरा सगळ्यांसमोर विचारतात, "दारू पिता का?" कोण हो म्हणेल? आधी नातेवाइकांना बाहेर पाठवायचं. "मावशी, जरा बाहेर बसता का, आम्हाला तपासायचंय" म्हटलं की कुणाला राग येत नाही. मग "घेता का" नाही विचारायचं. "शेवटची कधी घेतली होती?" विचारायचं. "रोज किती? नव्वद की क्वार्टर?" विचारायचं. मोहाची असेल तर ग्लास केवढा ते हाताने दाखवायला सांगायचं. बाईलाही विचारायचं, फक्त पुरुषाला नाही. "कधीतरी घेतो" असं केसपेपरवर लिहिलं की मला काहीच कळत नाही.

गिरणाकाठ

सिस्टर, अगदी बरोबर. विद्यार्थ्यांसाठी आकडाही देते. बाटलीतल्या दारूची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलि, ४२.८ टक्के धरली तर साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. दारूमुळे होणाऱ्या यकृतदाहाचा विचार करताना पुरुषात रोज ६० ग्रॅमपेक्षा जास्त, बाईत ४० ग्रॅमपेक्षा जास्त, सहा महिने किंवा अधिक, आणि कावीळ दिसण्याआधी साठ दिवसांच्या आत पिणं चालू, असा निकष धरतात. म्हणजे प्रमाण, किती काळ आणि शेवटची कधी, या तिन्हीची उत्तरं आल्याशिवाय 'दारू विचारली' याला गुण नाही. चारही केसमध्ये नातेवाईक शेजारी बसलेला ठेवतेय. त्याला बाहेर बसवलं तरच रुग्ण मोकळं बोलेल.

अहिराणी_रंगमंच

मी कॉलेजच्या नाट्यमंडळात काम केलंय, आता धुळ्यात शिकवणी घेतो. रुग्णाची भूमिका करायला आम्ही काही जण येऊ. अहिराणी बोलणारे आहेत, लेवा बोलीवाले आहेत, एक पावरी बोलणारी ताई आहे. डोळे पिवळे कसे दाखवायचे?

गिरणाकाठ

खूपच छान. डोळ्यांचा फोटो कार्डावर छापून रुग्णाच्या शेजारी ठेवू. विद्यार्थ्याने 'डोळे बघू का' म्हटलं की कार्ड दाखवायचं. तालीम आदल्या आठवड्यात घेऊ. प्रत्येक केसचे दोन कलाकार, म्हणजे आलटून पालटून विश्रांती मिळेल. एकच विनंती, मुलगा अडकला म्हणून दया येऊन उत्तर सुचवायचं नाही. आणि मुलगा उर्मटपणे बोलला तर ते परीक्षकाला नंतर सांगायचं. वीसपैकी एक गुण तुमच्या मताला ठेवतेय: या डॉक्टरकडे पुन्हा जाल का?

जुना_परीक्षक

तो एक गुण काढून कुठून आणणार?

गिरणाकाठ

तोंडी निष्कर्षाच्या तीनमधून, सर. तिथे 'दुसरं काय असू शकतं' याला वेगळा गुण होता, तो 'कारण काय वाटतं' यातच धरला.

अक्राणी_इंटर्न

मॅडम, शेवटचं विचारते. हे परीक्षेतलं नाही, वॉर्डातलं आहे. माझ्या बॅचमेटला सरावासाठी एक नवविवाहित मुलगी केस म्हणून दिली होती. उलट्या झाल्या, मग दोन दिवस बरं वाटलं, मग कावीळ. सासू बाहेर गेल्यावर मुलीने हळूच सांगितलं की तिने घरातली उंदराची पेस्ट खाल्ली होती. कुणालाही सांगू नका म्हणाली. बॅचमेट घाबरली. केस तर फक्त प्रेझेंट करायची होती. अशा वेळी विद्यार्थ्याने काय करायचं, हे कुठेच शिकवलेलं नाही.

गिरणाकाठ

हे परीक्षेच्या केसमध्ये घालणार नाही, पण परीक्षेआधीच्या तासाला नक्की घेणार.

पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये हेच होतं. पहिल्या दिवशी उलट्या, मग बरं वाटल्याचा काळ, त्या काळात घरचे दवाखाना टाळतात, आणि मग यकृत बंद पडायला लागतं. म्हणून तरुण मुलीच्या किंवा मुलाच्या अचानक झालेल्या काविळीत एकटं असताना विचारायचंच. "कधी कधी खूप त्रास झाला की माणूस नको ते खातो, तुमच्या बाबतीत असं काही झालं का?" असं सरळ, आवाज न चढवता.

'कुणालाही सांगू नका' याला विद्यार्थ्याने 'नाही सांगत' असं वचन द्यायचं नाही. म्हणायचं, "घरच्यांना मी सांगणार नाही, पण तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आत्ता सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाचवता येणार नाही." मग तिला एकटं न सोडता सिस्टरला बोलवायचं आणि त्याच मिनिटाला ड्युटीवरच्या रेसिडेंटला सांगायचं. केस प्रेझेंट करायची वाट बघायची नाही. मेडिको-लीगल नोंद, मानसोपचार विभागाला कळवणं, यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी बोलणं, हे वरिष्ठ करतील. 'माझ्यामुळे तिच्या घरात कळलं तर' या भीतीने विद्यार्थ्याने गप्प बसू नये.

खऱ्या रुग्णावर सराव घेणाऱ्या प्रत्येक युनिटला एक सूचना लिहून देतेय. विद्यार्थ्याला हिस्ट्रीत असं काही मिळालं तर सराव तिथेच थांबेल, त्याची हजेरी आणि गुण पूर्ण धरले जातील, आणि युनिटचा रेसिडेंट पाच मिनिटांत खाटेजवळ येईल. सिस्टर, तुमच्या वॉर्डात हा कागद कुठे लावायचा ते सांगा.

सिस्टर_वॉर्ड_पाच

ड्युटीरूमच्या फोनशेजारी. रेसिडेंटचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा, रात्रपाळीचाही.